तीच ई-मेल, दुसरं आडनाव

माझा नवरा श्रीनाथ युरोपवर भयंकर चिडलेला असतो. कारण माझी पीएचडी. युरोपातल्या खासदारांना मी अगदी सारख्या दोन ई-मेल पाठवते. एकीखाली तिथल्या बहुसंख्याकांतलं नाव, दुसरीखाली अल्पसंख्याकांतलं, म्हणजे रोमा नाहीतर तुर्की. पहिलीला उत्तर येतं, दुसरीला बऱ्याचदा येतच नाही.

"काय नालायक माणसं आहेत गं!" माझ्या खांद्यावरून स्क्रीन वाचत तो म्हणतो. "आपल्याकडे असलं काही नाही हं."

श्रीनाथ आमच्या ब्लॅकटाउनच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी, त्यामुळे 'आपल्याकडे' हा शब्द तो जरा छाती फुगवूनच उच्चारतो.

माझी मैत्रीण सावनी कांबळे लहान मुलांना लेझीम शिकवते. गणेशोत्सवात मुलांना दहा मिनिटं द्या, अशी ई-मेल तिने मंडळाला केली. मुलांनी तर भारतातल्या आजी-आजोबांनाही सांगून टाकलं होतं. बरेच दिवस काही नाही, मग दोन शब्द आले: 'स्लॉट फुल'. खाली सही श्रीनाथची. मला इतका राग आला की त्या रात्री मी त्याला मुद्दाम अळणी वरण वाढलं. त्याने दोनदा घेतलं.

मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. सावनीला विचारून तीच ई-मेल, स्वल्पविरामसुद्धा न हलवता, मंडळाला पुन्हा पाठवली. खाली फक्त नाव बदललं: कौमुदी गोखले.

त्याच दुपारी उत्तर हजर. 'नक्की, कौमुदीताई! आरती झाली की लगेच. नो वरीज!'

उत्सवाच्या दिवशी श्रीनाथ माईक घेऊन विंगेत उभा होता. समोर सावनी आणि लेझीम खुळखुळवणारी तिची मुलं.

"कौमुदीताई कुठायत?" त्याने मला विचारलं.

"अशी कुणी नाहीच. ई-मेल मी पाठवली. सावनीचीच होती, शब्दन् शब्द."

त्याचे कान लाल झाले. "अगं, मी मुद्दाम नव्हतं केलं."

"माहितीये. युरोपातलेही असंच म्हणतात."

सावनी मात्र हसत नव्हती. "मुलं तयार आहेत, श्रीनाथ. नाव माझं सांग. पूर्ण."

तो स्टेजवर गेला. "आता लेझीम. बसवलंय सावनी..." म्हणाला आणि अडखळला. माझा जीव टांगणीला लागला.

"सावनी कांबळे यांनी. त्यांची ई-मेल आली तेव्हा मी स्लॉट फुल म्हणालो होतो. स्लॉट रिकामा होता."

एवढं बोलायला त्याला कुणीच सांगितलं नव्हतं.