पाळकबाई नसताना

बोट पाऊण तास उशिरा लागली तेव्हा रान्वाला आधी हायसं वाटलं, आणि मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली. फेरो द्वीपसमूहातल्या चार बेटांवरची सहा चर्चं ती धर्मगुरू म्हणून एकटी सांभाळायची. हिवाळ्यात मासेमारीची नाव बुडाली, तिनं तीन तरण्या माणसांवर माती लोटली, आणि तेव्हापासून तिच्या आतला झरा जो आटला तो आटलाच. आज प्रवचनच तयार नव्हतं. मंडळीला एवढंच सांगायचं होतं, की मी बिशपांकडे राजीनामा पाठवतेय.

धक्क्यावरून चढ चढताना गाणं कानावर आलं. म्हणजे उपासना सुरू झाली होती. समुद्रानं पाळकाला अडवलं की गावातला वाचक जुन्या पुस्तकातलं प्रवचन वाचतो, ही इथली रीतच. पण अकरा वर्षांत रान्वानं ते कधी ऐकलं नव्हतं. ऐकणार कसं? ती आली की वाचक गप्प.

ती हळूच आत शिरली. शेवटच्या बाकावरच्या सुन्नेवा आजींनी सरकून जागा केली.

"मी पुढं जाते, आजी," रान्वा कुजबुजली.

"कुठं जातेस? हानुसनं चष्मा लावलाय. आता त्याला देवदूतही थांबवायचे नाहीत. बस गप."

ती बसली. हानुस मेंढपाळ. दगडी कुंपण रचावं तसा वाचायचा. एकेक शब्द उचलायचा, वजन बघायचा, मग ठेवायचा. आज आपल्याला काहीच करायचं नाही, हे रान्वाच्या ध्यानात आलं आणि हात कुठं ठेवावेत ते कळेना.

वाचून झाल्यावर हानुसनं पुस्तक मिटलं आणि डोळे मिटून प्रार्थना सुरू केली.

"प्रभू, समुद्रावरच्यांना सांभाळ. त्या तीन घरांना सांभाळ. आणि आमच्या पाळकबाईंना. त्या सगळ्यांच्या घरी जाऊन बसल्या, त्यांच्या घरी कुणी बसलं नाही. त्यांना झोप दे. विश्वास कमी पडला तर आमच्यातला काढून दे. आणि प्रवचन जरा आटोपशीर होऊ दे."

"आमेन," मंडळी म्हणाली. शेवटच्या मागणीमुळं असेल, जरा जोरातच.

"हे काय, आजी?"

"दर वेळचंच. हिवाळ्यापासून, तू नसलीस की. तुझ्या तोंडावर कसं म्हणायचं? माणसाला लाज असते."

रान्वाच्या डोळ्यांना धार लागली. आजींनी आपला लोकरी हातमोजा पुढं केला. "पूस. मेंढीचा वास येईल, पण पूस."

बाहेर हानुसनं तिला पाहिलं आणि कानापर्यंत लाल झाला.

"ऐकलंत?"

"सगळं. आटोपशीरसुद्धा."

"ते बायकोनं घालायला लावलं."

"हानुस, आज माझ्याकडं प्रवचनच नव्हतं. मी जायचं म्हणत होते. कायमचं."

तो दचकला नाही. बुटाच्या टोकानं खडा ढकलत राहिला. "दिसतंय ते ईस्टरपासून. मेंढी चरेनाशी झाली की आम्ही तिला लगेच विकत नाही, बाई. आधी वाऱ्यातून आत घेतो. सहा गावं आहेत, सहा वाचक आहेत. उन्हाळाभर आम्ही वाचू. तुम्ही मागच्या बाकावर बसा, नाहीतर येऊही नका."

"आणि बिशपांना काय सांगू?"

"दमलेय म्हणून सांगा. त्यांना काय, माणूस दमतो हे ठाऊक नसेल?"

रान्वा हसली. खूप दिवसांनी आलेलं हसू, जरा खरखरीतच निघालं.

मग आजींच्या स्वयंपाकघरात कॉफी झाली, वाऱ्यावर सुकवलेलं मटण झालं, केक झाला. राजीनामा नाही, रजा मागायची, हे तिनं दुसऱ्या कपाला ठरवून टाकलं आणि तिथंच, खिडकीखालच्या बाकड्यावर, बूट न काढता आडवी झाली.

दुपारी बोटवाला दारात आला. "वारा पडलाय. पाळकबाईंना म्हणावं, चला."

आजींनी ओठांवर बोट ठेवलं. "झोपलीय."

"बोट थांबायची नाही, आजी."

"मग जाऊ दे की. उद्याची असेलच."