कपाटात वाढलेला घागरा

मे महिना लागला की आमच्या खाडीकाठच्या गावात घरोघरी एकच रड असते: बुनाद कपाटात आटला. बुनाद म्हणजे आमचा सणाचा लोकरी पोशाख. एकदा मापाने शिवून घ्यायचा आणि जन्मभर सतरा मेच्या, आमच्या राष्ट्रीय दिनाच्या, मिरवणुकीत मिरवायचा. हिवाळाभर लोणी आपण खायचं आणि आळ घ्यायचा कपाटावर. माझ्या बंडीची बटणंही तीन वर्षांपासून लागत नाहीत.

पण त्या वर्षी माझ्या बायकोने, बोर्गहिल्डने, उलटीच तक्रार काढली. बुनाद घालून आरशासमोर उभी राहून म्हणाली, "आयनार, माझा घागरा वाढलाय."

"खतपाणी कोण घालत होतं?" मी विचारलं.

"हस तू. राग्नाने कापडच सैल वापरलंय."

नाचता येईना अंगण वाकडं, त्यातला प्रकार. पण घागऱ्याची कड खरंच बुटांवर लोळत होती.

बोर्गहिल्डला चाळिशीपासून संधिवात. बोटं वाकली, मनगटं सुजली, तरी स्टेरॉइडच्या गोळ्यांवर ती हिंडती-फिरती राहिली. 'हाडांची घनता मोजून घ्या' असं हॉस्पिटलचं पत्र दोन वर्षं फ्रिजवर चुंबकाखाली लटकत होतं. विषय काढला की ठरलेलं उत्तर यायचं, "माझे सांधे बिघडलेत, हाडं नाहीत. रोज तीन पेले दूध पिते मी." जणू तिचे सांधे शेजारणीच्या हाडांना जोडलेले होते. खरं सांगायचं तर ती घाबरत होती आणि मीही. जानेवारीत सरपण उचलताना तिच्या पाठीत कळ आली, तेव्हा मी गरम पाण्याची पिशवी दिली आणि गप्प बसलो. त्याची लाज मला अजून वाटते.

घागरा घेऊन आम्ही राग्नाकडे गेलो. राग्ना ऐंशीची, अर्ध्या गावाचे बुनाद तिच्या हातचे. कड जमिनीपासून किती वर हवी ते ती एका लाकडी ठोकळ्याने ठरवते. बोर्गहिल्डने घागरा अंगावर चढवला. राग्नाने ठोकळा लावून पाहिला, मापांची जुनी वही काढली आणि बोर्गहिल्डला दाराच्या चौकटीला पाठ टेकवून उभं केलं.

"सव्वीस वर्षांपूर्वी उंची एकशे अडुसष्ट सेंटीमीटर. आज एकशे त्रेसष्ट," राग्ना म्हणाली. "लोकर आटते गं, वाढत नाही. घागरा आहे तेवढाच आहे. तूच आटलीस."

बोर्गहिल्डने वहीतला आकडा स्वतः वाचून पाहिला. मग म्हणाली, "आयनारला मोज. तोही आटला असेल."

"त्याला कशाला मोजायचं? तो आडवा वाढलाय."

तिघंही हसलो. राग्ना कात्री शोधू लागली, तशी बोर्गहिल्ड म्हणाली, "कापू नको. दुमडून टाच नुसती."

घरी आल्यावर तिने फ्रिजवरचं पत्र काढून माझ्यापुढे धरलं. "फोन तू लाव. माझ्या बोटांना बटणं दाबता येत नाहीत."

सकाळीच ती बहिणीशी तासभर फोनवर बोलली होती. पण त्या वेळी मी चिडवलं नाही.

तपासणीत कळलं, पाठीचे दोन मणके दबले होते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हा संधिवात हाडंही पोखरतो, त्यात गोळ्यांची भर, नुसत्या दुधाने भागत नाही. वर्षातून एकदा शिरेतून औषध, स्टेरॉइड हळूहळू कमी, आणि रोज व्यायाम. गेलेली उंची परत येणार नाही, उरलेली सांभाळायची.

वर्षभर तिने सांभाळली. सरपण मी उचललं आणि ती पायरीवर उभी राहून, मी कसं चुकीचं उचलतो ते सांगत राहिली.

पुढच्या सतरा मेला सकाळी बुनाद घालून ती स्वयंपाकघरात उभी राहिली. राग्नाचा ठोकळा आम्ही मागून आणला होता. कड खाली आली असेल, तर आणखी एक मणका गेला असं समजायचं. मी गुडघ्यांवर बसलो आणि ठोकळा कडेखाली सरकवला.

"काय?" तिने वरून विचारलं.

कड ठोकळ्याला बरोबर टेकली होती, गेल्या वर्षी टाचली होती तशीच.

"घागरा वाढायचा थांबलाय," मी म्हणालो. माझे डोळे भरून आले होते, म्हणून मी तसाच खाली मान घालून राहिलो.

तिला ते कळलं असणार. तिने वाकडी बोटं माझ्या टकलावरून फिरवली आणि म्हणाली, "ऊठ आता. बंडीची बटणं लावायला तुला अर्धा तास लागेल."