पहिलं ‘नको’

त्या पोराला करंजी घे म्हटलं आणि त्यानं घेतली. रिबेकाबाईंच्या मते सगळं तिथंच बिघडलं.

नुसती घेतली असती तरी एक वेळ डोळ्यांआड केलं असतं. पण ‘घे’ हा शब्द त्यांच्या तोंडून पुरता सुटला नव्हता तोवर ह्याचा हात डब्यात. दुसरी घे म्हणताच दुसरी. ना ‘नको’, ना ‘आत्ताच खाऊन आलो’, ना ‘तुम्हांला राहू द्या’. करंजी खाल्ली, ओठावरचा रवा पुसला, ‘तोदा, गेवेरेत’, म्हणजे हिब्रूत धन्यवाद, बाई, असं म्हणाला आणि हसला. त्यांच्या झिराड गावी कुणाच्या ओटीवर असा पाहुणा आला असता तर गावच्या बायांना पावसाळाभर दुसरा विषय लागला नसता.

घे म्हटल्यावर माणसानं आधी नको म्हणायचं. ते पहिलं नको आपल्या आईबापांच्या नावासाठी, की बघा, पोराला घरी पोटभर मिळतं. दुसरं नको समोरच्याच्या मानासाठी, की तुमच्या घरातलं कमी होऊ नये. मग तिसऱ्यांदा आग्रह झाला, म्हणजे हाताला धरून पुढ्यात ठेवलं, की कसंनुसं तोंड करून घ्यायचं आणि चाटूनपुसून खायचं. एवढं तर रिबेकाबाईंच्या घरी चालायला लागलेल्या पोरालाही कळायचं. आणि हा सहा फुटी घोडा जावई व्हायला निघाला होता.

त्याचं नाव यित्झहाक. रुमानियातून आलेला, लोदच्या रेल्वे यार्डात मनाशेच्या हाताखाली काम करणारा. मनाशे म्हणजे रिबेकाबाईंचा थोरला. परळच्या वर्कशॉपात शिकलेला, त्यामुळे ज्यूंच्या ह्या नव्या देशात येऊनही इंजिनांशीच त्याची गाठ पडली. त्यानंच आठवडाभर आधी आईच्या कानावर घातलं होतं की यित्झहाकला आपली गेउला हवी आहे, गेउलालाही तो हवा आहे, सहलीत तो तुझ्याशी बोलायला येईल, तेवढं नीट बोल. नीट बोल म्हणजे काय, असं रिबेकाबाईंनी विचारलं. मी काय लोकांशी वाकडं बोलते? मनाशे डबा उचलून कामाला निघाला. त्याला आईची जीभ माहीत होती.

सहल यार्डातल्या कामगारांची, इथल्या स्वातंत्र्यदिनाची. दोन लॉऱ्या भरून माणसं बेन शेमेनच्या रानात उतरली. झाडांखाली ज्यानं त्यानं आपापली चादर पसरली, आपापलं खाणं काढलं आणि दुसऱ्याकडे न बघता खायला सुरुवात केली. ते बघूनच रिबेकाबाईंच्या अंगावर काटा आला. चार माणसं जवळ बसलेली असताना आपल्याच ताटात बघून जेवायचं, ही कसली सहल? त्यांनी डबे उघडले. पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसाला लावून तळलेली मासळी, मागच्या दारी पत्र्याच्या डब्यात लावलेल्या कोथिंबिरीची हिरवी चटणी लावून केलेली सँडविचं आणि रवा-बेदाण्याच्या करंज्या. खोबरं नाही म्हणून त्यांना त्या करंज्यांची आधीच लाज वाटत होती. तरी सगळं पानांपानांतून वाटायला घेतलं. या चादरीवर, त्या चादरीवर, जो समोरून जाईल त्याला. घरच्या बाईनं शेवटी जेवायचं, हे तर सांगायलाही नको.

पण घोटाळा असा झाला की इथं नको कुणी म्हणतच नव्हतं. घ्या म्हटलं की घेत होते. पोलंडचे घेत होते, मोरोक्कोचे घेत होते, यार्डाचा साहेबसुद्धा पुरी वाटेत गुंडाळून खात पुढं गेला. तिघांना आग्रह केला तर एक जण खाईल या हिशेबानं केलेलं जेवण उन्हं डोक्यावर यायच्या आत संपलं. रिबेकाबाईंच्या वाट्याला डब्याच्या तळाशी राहिलेला चटणीचा ओघळ आला.

त्यात यित्झहाकची आई, रोझी, ताट घेऊन आली. ताटात पाव, उकडलेली अंडी, खारवलेल्या काकड्या आणि भाजलेल्या वांग्याचं भरीत. भरतात ना मिरची ना फोडणी, पण वास असा की नजर ताटावरून हलेना. रिबेकाबाई हसून म्हणाल्या, लो, लो, तोदा, म्हणजे नको, नको. आणि हात मांडीवर घेऊन दुसऱ्या आग्रहाची वाट बघत बसल्या. रोझीनं मान हलवली, ताट उचललं आणि शेजारच्या चादरीवर गेली. तिथल्या बाईनं निम्मं ताट रिकामं केलं.

जशी आई तसा मुलगा, असं रिबेकाबाई मनाशी म्हणाल्या. भुकेनं त्यांच्या कपाळाची शीर उडत होती.

अशा वेळी, सकाळी करंज्या खाऊन गेलेला यित्झहाक पुन्हा आला. इस्त्रीचा पांढरा सदरा, भांग पाडलेला. गेउला मुद्दाम पाण्याचं निमित्त काढून नळावर गेली होती, मनाशे रस्सीखेचीची माणसं जमवत होता. पोरगा चादरीच्या कडेला गुडघ्यावर बसला. चादरीवर पाय ठेवला नाही, एवढं रिबेकाबाईंनी पाहिलं. त्यानं हिब्रूत, लहान मुलाला सांगावं तसं सावकाश विचारलं. गेउला त्याला आवडते. त्याला तिच्याशी लग्न करायचं आहे. बाई, तुम्ही द्याल का?

आता मराठीत असतं तर रिबेकाबाईंकडे अशा प्रश्नाला शंभर उत्तरं होती. पोर अजून लहान आहे म्हटलं असतं. थोरल्या भावाला विचारावं लागेल म्हटलं असतं. आमची परिस्थिती तुम्ही बघताच, आमच्यात काय बघितलंत, असं म्हणून जरा ताणलं असतं. मुलीकडचं पहिलं उत्तर नकाराचंच असतं, त्यानं मुलीची किंमत राहते. मुलाकडच्यांनी दोन-तीन खेपा घालायच्या, मग नारळ फुटतो. पण हिब्रूत त्यांच्यापाशी फार शब्द नव्हते. बस, भाव, डॉक्टर, किती, उद्या, हो आणि नाही. त्यांनी मान ताठ केली आणि म्हणाल्या, “लो.”

पोरगा ‘बेसेदेर’ म्हणाला, म्हणजे ठीक आहे. उठला, सदऱ्याच्या बाह्या उगाच खाली ओढल्या आणि गेला.

येईल संध्याकाळपर्यंत परत, असं रिबेकाबाईंनी गृहीत धरलं आणि रिकामे डबे एकात एक घालायला लागल्या.

तिकडे रस्सीखेच सुरू झाली. यार्डवाले एकीकडे, ऑफिसवाले दुसरीकडे. यार्डाच्या टोकाला यित्झहाक. दोर कमरेला गुंडाळून टाचा रोवून उभं राहायचं काम त्याचं, दर वर्षी त्याच्याच जोरावर यार्ड जिंकायचं. शिट्टी वाजली तरी हा गडी रानाकडे बघत उभा. एका हिसक्यासरशी पुढचे सगळे फरफटत गेले आणि त्यांच्यामागं तो. ऑफिसातले चष्मेवाले पहिल्यांदा जिंकले आणि आपणच चकित झाले. मनाशेनं त्याला उभा केला, अंगावरची माती झटकली आणि विचारलं, काय रे, जेवलास की नाही? तेव्हा त्यानं सांगितलं.

ते नळावरून येणाऱ्या गेउलानं ऐकलं.

ती आली ती रडत आली नाही. रडत आली असती तर रिबेकाबाईंना सोपं गेलं असतं. तिनं पाण्याची बरणी चादरीवर ठेवली आणि विचारलं, “आई, तू त्याला लो म्हणालीस?”

“मग काय पहिल्या हाकेला ओ देऊ? आम्ही काय मुलगी बाजारात मांडलीय? विचारील पुन्हा.”

“नाही विचारणार.”

“का नाही विचारणार? गरज आहे तर विचारील.”

गेउला खाली बसली. क्लिनिकमध्ये काम करून तिला हळू आवाजात वाईट बातमी सांगायची सवय झाली होती, त्याच आवाजात ती बोलायला लागली. निम्मं मराठी, निम्मं हिब्रू. मागच्या वर्षी यित्झहाकनं तिला सिनेमाला येतेस का म्हणून विचारलं होतं. तिनं आईनं शिकवल्याप्रमाणे नाही म्हटलं. मनात हो होतं. वाट बघत राहिली. तो रोज क्लिनिकसमोरून सायकलवरून जायचा, शालोम म्हणायचा, पुढं जायचा. हिवाळा आला, गेला. एकदाही त्यानं पुन्हा विचारलं नाही. शेवटी लाज गुंडाळून तिनंच त्याला अडवलं, की तू परत का विचारलं नाहीस? तर तो म्हणाला, तू नाही म्हणाली होतीस ना. नाही म्हटलेल्या मुलीच्या मागं कसं लागायचं?

“तू त्याला अडवलंस? भर रस्त्यात?” रिबेकाबाई म्हणाल्या.

“हो. अडवलं. नाहीतर आजपर्यंत शालोम-शालोमच चाललं असतं. आता तू लो म्हणालीस म्हणजे त्याच्या लेखी संपलं. आणि मी तुला विचारल्याशिवाय लग्न करणार नाही, हेही त्याला माहीत आहे.”

एवढं बोलून ती उठली आणि लॉरीच्या सावलीत जाऊन उभी राहिली, पाठ करून.

रिबेकाबाई डबे तसेच टाकून बसल्या. मुलीला फटकारायला तोंडाशी आलेले शब्द त्यांनी गिळले. कारण मधेच दुसरंच काही आठवायला लागलं होतं.

मनाशेच्या बापाचं, अबाजीचं, स्थळ आलं तेव्हा त्या सोळाच्याही नव्हत्या. मावशीनं विचारलं, काय गो, करायचं ना? त्या म्हणाल्या, नको. मावशी हसली. पुन्हा विचारलं, पुन्हा नको. तिसऱ्यांदा त्या रडून नको म्हणाल्या, तर सगळ्या बाया कौतुकानं म्हणाल्या, किती वळणाची पोर आहे. आणि मेंदीची रात्र ठरली. ते नको खरं होतं, हे सांगायला त्यांच्याकडे दुसरा शब्दच नव्हता. खोटं नको आणि खरं नको, दोन्ही एकाच तोंडातून, एकाच आवाजात.

अबाजी वाईट नव्हता. हात उगारला नाही, पगार घरी दिला. पण त्याला बायकोचं नको कधी ऐकूच आलं नाही. झिराड सोडायचं नको म्हटलं, मुंबईला आणलं. मुंबई सोडायची नको म्हटलं, बोटीची तिकिटं काढून आला आणि चार लोकांत हसून म्हणाला, आमची बाई आधी नको म्हणते, मग सगळ्यांच्या पुढं चालते. इथं नव्यानं आलेल्यांना ठेवायचे त्या पत्र्याच्या छावणीत दुसऱ्या हिवाळ्यात छातीत कफ धरून गेला, तेव्हा त्याच्या उशाशी बसून रिबेकाबाई जीव तोडून नको, नको म्हणत होत्या. तेही कुणी ऐकलं नाही.

उन्हं कलली. लॉऱ्यांत सामान चढायला लागलं. यित्झहाक रस्सीखेचीचा दोर वेटोळं करून खांद्यावर टाकत होता. त्याच्या सदऱ्याची बाही कोपराशी फाटली होती, तिथं खरचटलं होतं. रोझी त्याला काही विचारत होती, तो मान हलवत होता.

रिबेकाबाई उठल्या. लुगड्याचा पदर नीट केला. मुलीकडच्या बाईनं आपणहून मुलाकडे चालत जायचं, हे त्यांच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. गुडघे आधीच दुखत होते, त्यात जमीन खडबडीत. वाटेत त्यांनी लॉरीशी उभ्या गेउलाला हाक मारली आणि सांगितलं की मी मराठीत बोलणार, तू हिब्रूत सांगायचं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. आणि गोड करून सांगितलंस तर मला कळेल.

गेउला मागून आली. मनाशे धावत आला, कारण आई अशी चालत निघाली म्हणजे कुणाचं तरी काही खरं नसतं, हे त्याला माहीत होतं. रोझी ताटं पुसायची थांबली. यित्झहाकनं दोर खाली ठेवला आणि सरळ उभा राहिला.

रिबेकाबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. कोपर बघितलं.

“तुला रीत नाही,” त्या म्हणाल्या. “करंजी घे म्हटलं की घेतोस. तुझी आईसुद्धा उपाशी बाईपुढून ताट उचलून नेते. पाहुणा म्हणून तू कुचकामी आहेस.”

गेउलानं सगळं जसंच्या तसं सांगितलं. पोराचा चेहरा पडला. रोझीनं हातातलं ताट छातीशी धरलं. मनाशे म्हणाला, आई, पुरे आता. रिबेकाबाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही.

“मी अजून बोलतेय. गेउला, हे नीट सांग त्याला. मी माझ्या आयुष्यात बायकांना पुष्कळदा नको म्हणताना ऐकलंय, आणि ते ऐकून मुकाट्यानं मागं फिरलेला पुरुष आज पहिल्यांदा बघितला. माझी पोर लाजरी आहे, तिला शिकवलंय मीच, ती चार वेळा खोटं नको म्हणेल आणि पाचव्यांदा खरं म्हणेल. तुला दोन्हीतला फरक कळणार नाही. तू सगळीच खरी धरशील. तिच्या जन्मात तिचं एकही नको वाया जाणार नाही. पाहुणा म्हणून नाही चालणार तू मला. जावई म्हणून चालशील.”