दुधाचं बोट

"हलू नको रे मेल्या, काडी मोडेल!" सगुणाबाईनं मुसाचा गुडघा गच्च धरला. डॉक्टरांनी कापूस गुंडाळलेली बांबूची काडी त्याच्या मांडीच्या जखमेतून अलगद फिरवली, काचेच्या पट्टीवर पुसली, निळा रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

होडीच्या नांगराच्या दांड्यानं मुसा तांडेलाची मांडी फाडली होती. सडका भाग कापून काढल्यावर डॉक्टरांनी जखम उघडीच ठेवली. काचेवर जंतू विरळ दिसले की मगच टाके, हे ते लढाईवर मेसोपोटेमियात शिकून आले होते. इकडे नारळी पौर्णिमा जवळ आलेली. होड्या दर्यात लोटायच्या आणि आपण खाटेवर, हे मुसाला सोसवत नव्हतं.

"अजून आहेत जंतू," डॉक्टर म्हणाले. "जखम तर चांगली लालचुटूक दिसते. असंच राहिलं तर पुन्हा कापावं लागेल."

"पुना?" मुसाचा चेहरा उतरला. "मंग पाय ऱ्हाईल काय, सायेब?"

डॉक्टरांनी जखमेवर स्वच्छ फडकं ठेवलं.

दुपारी सगुणाबाई पडवीत उद्याच्या काड्या वळायला बसली. नवरा गेल्यावर ती या दवाखान्यात लागली. देवाच्या वाती मात्र परकरात असल्यापासून वळत आलेली. चिमूटभर कापूस, एक पीळ, आणि ओठांवर ओवी:

वात वळीते कापसाची, दुधाच्या गं बोटानं
उजेड जाऊ दे गं बाई, दर्यातल्या वाटेनं

खाटेवरून मुसा खिदळला. "सगुणाबाय, माज्या जंतूंना दूध पाजतंस काय गो? म्हणून जात नायत ते!"

"गप रे! दुधाचं बोट लावल्याबिगर कापूस बसतो होय? आणि मागाहून वाफेच्या डब्यात घालतात ना सगळ्या!"

दारातून जाणारे डॉक्टर थबकले. तिच्याजवळची वाटी उचलून त्यांनी हुंगली. दूध आंबलं होतं. सगुणाबाईच्या मनात आलं, गेली नोकरी! डॉक्टरांनी डब्यातली एक कोरी काडी घेतली, जखमेला न लावताच काचेवर पुसली, रंगवली, पाहिली. मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला.

"वाफेनं दुधातले जंतू मरतात हो सगुणाबाई, पण मेलेलेही रंग धरतात. इतके दिवस मी तुमचं दूधच मोजत बसलोय!"

कोरड्या बोटांनी वळलेल्या काडीनं जखम पुसली, तेव्हा काच जवळजवळ निर्मळ निघाली. टाके पडले. पौर्णिमेला मुसा काठी टेकत बंदरावर गेला आणि आपल्या होडीला हात लावून आला.

त्या संध्याकाळी सगुणाबाई देवापुढे वात वळायला बसली. घरात दुसरं कोणी नव्हतं. बोट सवयीनं दुधाच्या वाटीकडे गेलं, अधांतरी थांबलं. मग ती गालातल्या गालात हसली आणि तिनं ते बुडवलं.

इथं मोजायला कोण होतं?