दादाच्या गाडीचा स्टार्टर

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी एकदा जुन्या गाडीखाली आडवं होऊन बघावं. या गाडीपायी मिस्त्रीच्या नाकी नऊ आले होते. गाडी त्याच्या थोरल्या भावाची, दादाची. चाळीस वर्षांची आणि ऑटोमॅटिक. दादानं जन्मभर ट्रक चालवले. गिअर न टाकता गाडी हाकणं त्याला झोपाळ्यावर बसल्यासारखं वाटे. "बदलून दे बाबा," तो म्हणाला. "डाव्या पायाला काहीतरी काम दे."

ज्यानं मांडीवर बसवून स्टिअरिंग धरायला शिकवलं, त्याला नाही कसं म्हणणार? मिस्त्रीनं गिअरबॉक्स बदलला, क्लच बसवला, तिसरं पेडल लावलं आणि घोडं अडलं स्टार्टरवर. जुना स्टार्टर जुन्या मापाचा. त्याचं दातेरी चाक नव्या फ्लायव्हीलच्या दातांपर्यंत पोचेचना. किल्ली फिरवली की नुसता गरगरायचा. योग्य मापाचा शोधण्यात चार महिने गेले. दादा रोज चौकशीला यायचा. पुढे पुढे पाय ओढत यायचा. "नवे बूट चावतात रे," म्हणायचा. भंगारात स्टार्टर हुडकणाऱ्याला भावाचा पाय कशाला दिसतोय! मिस्त्रीनं ऐकलं आणि सोडून दिलं.

शेवटी मिळाला एकदाचा. दोन बोल्ट आवळले, वायर जोडली, किल्ली फिरवली, इंजिन पहिल्या फटक्यात सुरू. मिस्त्रीनं फोन केला. दादा गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि सीटवर बसला.

किल्ली फिरवली. काही नाही. टक असा आवाजसुद्धा नाही.

मिस्त्रीनं बॅटरी तपासली, वायरी हलवून बघितल्या. मग स्वतः बसला, गाडी सुरू. दादा बसला, गाडी मुकी. "तुला ओळखते, मला नाही," दादा हसत म्हणाला. पण कपाळावर घाम होता.

मिस्त्रीला क्लच आठवला. त्याच्या गॅरेजचा एक नियम होता: क्लच तळापर्यंत दाबल्याशिवाय स्टार्टरला करंट मिळता कामा नये. एकदा गिअरमध्ये राहिलेली गाडी त्याच्या अंगावर आली होती, तेव्हापासूनचा. याही गाडीत त्यानं क्लचच्या पेडलमागे तसं बटण लावलं होतं. टॉर्च घेऊन तो दारातून आत वाकला. "फिरव बघू किल्ली."

पेडल अर्ध्यावरच थांबलं होतं. दादाचा डावा पाय लटलट कापत होता. एक हात किल्लीवर, दुसऱ्या हातानं तो स्वतःचाच गुडघा खाली रेटत होता. पायात बूट नव्हतेच. जुन्याच चपला होत्या.

त्या बटणाच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या की गाडी सुरू झाली असती. मिनिटाचं काम. पण मग दादा हाच पाय घेऊन रस्त्यावर गेला असता, आणि पुढच्या चौकात काय झालं असतं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मिस्त्रीला रडू येत होतं, आणि रडायचीही सोय नव्हती.

"सापडलं का काही?" दादानं विचारलं.

"स्टार्टर," मिस्त्री म्हणाला. वर बघायची त्याची हिंमत झाली नाही. "स्टार्टरच खराब निघाला, दादा."

दादानं गुडघ्यावरचा हात हळूच काढून घेतला. "मला वाटलंच," तो म्हणाला. "काढ तो. आत्ताच काढ, माझ्यासमोर."

मिस्त्री पाना घेऊन गाडीखाली सरकला. पहिला बोल्ट त्यानं नुकताच आवळला होता, तो सहज सुटला. वरून दादाचा आवाज आला.

"दुसरा कधी मिळेल?"

"वेळ लागेल."

"लागू दे. घाई करू नकोस."

मिस्त्रीनं दुसरा बोल्ट सोडवला आणि तो धडधाकट स्टार्टर छातीवर घेऊन तसाच पडून राहिला.