येतो

चंचलनं आपल्या सख्ख्या भावाला मारलं होतं, आणि तेही त्याच्याच आवाजात. खेळात हो, खऱ्यात नाही. ती ब्रह्मपुरीच्या घरात बसून नागपूरच्या एका कंपनीसाठी मोबाइल गेमची गोष्ट लिहायची. गोष्टीतला कप्तान परग्रहावर जखमी साथीदारासाठी मागे फिरतो आणि मरतो. कप्तानाचा आवाज निकेशचा. तो जंगलातल्या पोलीस तुकडीत जवान. दिवाळीत सुट्टीवर आला, तेव्हा तिनं त्याला धानाच्या पोत्यांमध्ये बसवलं, बाहेरचा आवाज शिरू नये म्हणून डोक्यावरून गोधडी घातली आणि माइकसमोर बोलायला लावलं.

गोधडीतूनच तो कुरकुरला, "कप्तान काऊन मांगं फिरते? वर दुश्मनाचे जहाजं, निंगाले एकच वाट. आधी तुकडी बाहेर काढाची, धूर सोडाचा, मंग दुसऱ्या बाजूनं घुसून त्याले उचलाचं. हा त निरा येडेपणा आहे."

"तो धड घरी आला त रडन कोण, दादा?"

"रडवाची लय हौस तुले! अन् हे काय, 'अलविदा, साथियों'? घरून निंगताना आपण काय म्हणतो?" मग माइकजवळ तोंड नेऊन तो एकच शब्द बोलला, "येतो."

आपल्याकडं निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही. म्हटलंच, तर माय पाठीत धपाटा घालते.

सुट्टी संपली, निकेश जंगलात गेला, तो गेलाच. त्याच्या तुकडीतला इसरू काठी टेकत घरी आला. "सारे बाहेर पडले होते, बाई," तो चंचलला म्हणाला, "माह्या पायाले गोळी लागली, मी मांगं राह्यलो. निकेश बाकीच्यायले 'येतो' म्हणला अन् फिरला. मले नाल्यात ढकललं, पण त्याले लागली."

तेव्हापासून चंचलच्या जिवाला घोर. इतकं समजणारा माणूस फिरला कसा? माझ्याच गोष्टीनं त्याला नादी लावलं का? आता विचारायचं कोणाला!

अशात एका दुपारी कंपनीच्या साहेबांचा फोन आला. "खेळ तपासायला दिला होता, ते एक निवृत्त फौजी म्हणतात, कप्तानाचं मागे फिरणं चूक आहे. पण राहू दे. खेळून पाहणारे ढसाढसा रडलेत. संध्याकाळी हाच शेवट पक्का करतो."

चुलीत गेलं ते रडणं! चंचलनं अख्खा शेवट पुसून टाकला. साहेब काढून टाकतील तर टाकोत. धूर सोडला, दुसऱ्या बाजूनं कप्तानाला घुसवलं, सगळं दादानं सांगितलं तस्सं. साथीदार वाचला, यान परतीला लागलं. तळावरून हाक येते, 'कप्तान, कुठी आहे?' आता उत्तराला आवाज हवा, आणि निकेशचा नवा शब्द आणायचा कुठून? तिनं जुनाच उचलून तिथं लावला.

"येतो."

बसला की हो अगदी! चंचल तोंडावर हात दाबून रडली.

आत तिची माय, सुगंधाबाई, भात वेळत होती. लेक गेल्यापासून तिनं त्याचा आवाज ऐकला नव्हता. तो 'येतो' कानी पडला, तशी ती उठली. तिनं पाय धुवायची बादली भरली, ओट्यावर नेऊन ठेवली आणि दार सताड उघडलं.

"कुठवर आला म्हणते?" तिनं विचारलं.

माय, तो खेळ आहे, असं चंचलला सांगायचं होतं. पण तिनं बटणच पुन्हा दाबलं.

"येतो," निकेश म्हणाला.