शोरूमसमोरची बस

गल्लीत सगळे त्यांना ड्रायव्हरकाकू म्हणत. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली होती. आता निवृत्त झाल्या होत्या आणि दाराशी एक जुनी छोटी गाडी होती. नवरा शिंपी, कोट शिवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याला सगळे मास्तर म्हणत, काकूसुद्धा. मास्तरांना अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. हळूहळू ते वॉकर धरून चालायला लागले. व्यायामासाठी त्यांना आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागे. दारातून गाडीत आणि गाडीतून दारात, एवढं त्यांना जमत होतं.

गल्ली साधीच होती. दोन्ही बाजूंना तीन मजली घरं, गॅरेज कुणालाच नाही, सगळ्यांच्या गाड्या फुटपाथच्या कडेला. कुणाची जागा ठरलेली नव्हती, पण कोण कुठे लावतं हे सगळ्यांना माहीत होतं, आणि मास्तर आजारी पडल्यापासून त्यांच्या दारापुढची जागा न सांगता मोकळी सुटत असे.

मग कोपऱ्यावरचं फर्निचरचं दुकान बंद झालं आणि तिथे जुन्या गाड्यांचं शोरूम आलं. मालक गोड बोलणारा. पहिल्याच आठवड्यात त्यानं घरोघरी जाऊन ओळख करून घेतली. लोक त्याला शेठ म्हणायला लागले. सुरुवातीला त्याच्या दोन गाड्या बाहेर असत, मग चार झाल्या. बोट दिलं की हात धरणाऱ्यांतला तो निघाला. वर्ष सरेपर्यंत कोपऱ्यापासून काकूंच्या फाटकापर्यंत सगळ्या त्याच्याच गाड्या, काचेवर किमतीचे कागद लावून ओळीनं उभ्या. त्या कुठे जात नसत, येत नसत. रोज सकाळी त्याची माणसं त्या पाइपनं धूत आणि ते पाणी लोकांच्या पायऱ्यांशी साचे.

कुरकुर सगळेच करत, पण घरात बसून. एकानं शेठकडून स्वस्तात गाडी घेतली होती. समोरच्या वहिनींचा मुलगा शोरूममध्ये नोकरीला लागला होता. बाकीचे मूग गिळून गप्प होते.

शेवटी काकू स्वतः गेल्या. शेठनं खुर्ची दिली, कॉफी मागवली, मास्तरांची तब्येत विचारली. काकूंनी जागेचं काढलं तेव्हाही त्याचं हसू हललं नाही.

"ताई, रस्ता सार्वजनिक आहे," तो म्हणाला. "जो आधी येईल त्याची जागा. तुम्ही लवकर या, तुम्हालाही मिळेल."

नगरपालिकेच्या कचेरीतही त्यांना हेच ऐकायला मिळालं, फक्त जास्त वेळ घेऊन. रस्त्यावर धंदा करायला मनाई आहे, गाडी उभी करायला नाही, असं तिथल्या बाईंनी समजावलं. मग एक तपासनीस आला. तो यायच्या आधीच काचांवरचे कागद गायब झाले होते, आणि तो कोपरा वळून गेल्यावर परत लागले.

एवढ्यावर काकू थांबल्याही असत्या. आयुष्यभर रहदारीत काढलेल्या बाईला वाट बघायची सवय असते. पण एक दिवस दवाखान्यातून परतताना त्यांना गाडी पुढच्या वळणापलीकडे, औषधांच्या दुकानाशी लावावी लागली. तिथून मास्तर वॉकर टेकत निघाले. निम्म्या वाटेत पाय लटपटला. वॉकर निसटला आणि तोल सावरायला त्यांनी शेजारच्या गाडीच्या बॉनेटवर हात टेकला. गाडी शेठची होती. ती ठणाणा बोंबलायला लागली. मास्तर घसरत फुटपाथच्या कडेवर बसले. शोरूममधून एक विक्रेता धावत आला. त्यानं आधी बॉनेट पाहिलं, ओरखडा पडलाय का ते वाकून तपासलं, खिशातलं फडकं काढून मास्तरांच्या हाताचा ठसा पुसला. आणि मग खाली बसलेल्या माणसाकडे बघून विचारलं, लागलं का काही.

काकूंनी त्यांना उठवलं, घरी आणलं. खुर्चीत टेकल्यावर ते म्हणाले, "आता मला कुठे नेऊ नकोस. झाला तेवढा व्यायाम पुरे."

ज्या माणसानं आयुष्यात कधी चुरगळलेला शर्ट घातला नाही, तो पुढचे कित्येक दिवस पायजम्यावर खिडकीशी बसून राहिला. गल्लीतल्या लोकांनी ते दृश्य पाहिलं होतं, हे त्याच्या मनातून जाईना. काकूंनी विनवण्या केल्या, रागावून पाहिलं, लेकीला फोनवर बोलायला लावलं. काही उपयोग झाला नाही.

मग त्यांनी आपल्या मानलेल्या भावाला फोन लावला. तो बसच्या आगारात त्यांच्याबरोबर मेकॅनिक होता. नोकरी सोडून त्यानं जुन्या बस विकत घेतल्या होत्या आणि सहलींसाठी भाड्यानं देत होता. एखादी बस रिकामी आहे का, असं काकूंनी विचारलं. कुठे जायचंय, असं त्यानं विचारलं.

"कुठेच नाही," काकू म्हणाल्या. "उभी करायचीय."

सगळं ऐकून तो पोट धरून हसला. पण कागदपत्रं, विमा, टायर, दिवे, सगळं चोख असल्याशिवाय बस देणार नाही, हेही त्यानं बजावलं. बहिणीला अडकवेल असली बस त्याला द्यायची नव्हती.

शोरूमच्या काचेसमोरची जागा शेठ गिऱ्हाइकांसाठी मोकळी ठेवत असे. तिथे लाल प्लॅस्टिकचे शंकू मांडलेले असत. एका सकाळी, शोरूम उघडायच्या आधी, काकू निळी बस घेऊन गल्लीत शिरल्या. खाली उतरल्या, शंकू गोळा केले, एकात एक घालून शोरूमच्या दाराशी नीट ठेवले. मग परत चढून त्यांनी बस एका दमात मागे घेतली आणि फुटपाथला लागून अशी उभी केली की शोरूमची अख्खी काच झाकली गेली.

शेठ आला तेव्हा त्याला आधी आपलंच दुकान सापडेना.

"ताई, हे काय आहे?"

"बस आहे."

"ते दिसतंय. पण इथे?"

"रस्ता सार्वजनिक आहे, शेठ. आज मी लवकर आले."

शेठनं पोलीस बोलावला. पोलिसानं कागद बघितले, टायर बघितले, कोपऱ्यापासून अंतर बघितलं, बसला एक फेरी मारली. आक्षेप घ्यावा असं त्याला काही सापडलं नाही. जाता जाता त्यानं ते शंकू कुणाचे म्हणून विचारलं आणि पुन्हा रस्त्यावर दिसले तर दंड होईल, असं शेठलाच सुनावलं.

गल्ली खूष झाली असेल असं वाटेल, पण तसं झालं नाही. काकू भाजी घेऊन येत असताना समोरच्या वहिनींनी त्यांना अडवलं. धंदा बसला तर आधी माझ्या मुलाची नोकरी जाईल, तुम्ही माझ्या पोराच्या पोटावर पाय देताय, असं त्या म्हणाल्या. काकूंना ते लागलं. शेठला गाड्या ठेवायला दुसरी जागा घेता येते आणि मास्तरांना दुसरे पाय घेता येत नाहीत, एवढंच त्या म्हणाल्या. वहिनी तोंड फिरवून आत गेल्या आणि कितीतरी दिवस बोलल्या नाहीत.

चार दिवसांनी शेठ घरी आला. या वेळी हसत नव्हता. त्यानं तोडगा आणला होता. तुमच्या दारापुढची जागा कायमची तुमची, मी माझ्या खर्चानं रंगानं आखून देतो, तुमचं नाव घालतो, बस तेवढी हलवा. वरच्या मजल्यावरची नर्स तेव्हा तिथेच होती. रात्रपाळीहून आल्यावर तिलाही गाडी लावायला अर्धा तास फिरावं लागे. तरी तिनं काकूंना खूण केली, की घ्या, मिळतंय ते पदरात पाडून घ्या.

काकूंनी विचारलं, "आणि या सिस्टरची जागा?"

शेठ म्हणाला, ताई, सगळ्यांचं कसं बघणार.

काकू काही बोलायच्या आत खिडकीपासून आवाज आला. मास्तर इतक्या दिवसांत पाहुण्यांसमोर एक शब्द बोलले नव्हते. झटक्यामुळे जीभ अजून जड होती, म्हणून ते सावकाश बोलले.

"शेठ, मी जन्मभर लोकांचं कापड कापलं. उरलेली चिंधीसुद्धा गिऱ्हाइकाला परत दिली. तुम्ही आमचंच कापड कापून घेतलंत, आणि आता त्यातली चिंधी आम्हाला बक्षीस म्हणून देताय. नको आम्हाला."

शेठ उठून गेला. काकू नवऱ्याकडे बघत राहिल्या. मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट मागितला.

दुसऱ्या दिवशी ते वॉकर टेकत बसपर्यंत गेले. बसच्या पायऱ्या उंच होत्या. एकेक पायरी चढायला त्यांना भरपूर वेळ लागला आणि काकूंनी मदतीला पुढे केलेला हात त्यांनी बाजूला सारला. पुढच्या सीटवर बसून त्यांनी पेपर उघडला. मग रोजच जायला लागले. त्यांना सोबत म्हणून नर्स आली, मग तळमजल्यावरचे आजोबा आले, मग ज्यानं शेठकडून स्वस्तात गाडी घेतली होती तोही ओशाळं हसत येऊन बसला. त्याची गाडी एव्हाना दोनदा बंद पडली होती. आलेलं गिऱ्हाईक शोरूम कुठे आहे म्हणून बसमध्येच चौकशी करी. मग त्याला शोरूम दाखवलं जाई, आणि विचारलं तर कुठली गाडी किती महिन्यांपासून जागची हलली नाही, हेही खरंखरं सांगितलं जाई.

एका सकाळी बसच्या सगळ्या टायरांतली हवा गेलेली होती. कुणी सोडली ते कुणी पाहिलं नाही. काकूंनी बसभोवती फेरी मारली आणि शोरूमच्या दारात जाऊन शांतपणे सांगितलं की आता हलवायची म्हटली तरी बस हलणार नाही. हवा भरायची घाई आपल्याला मुळीच नाही. आत एक विक्रेता हसला. तो समोरच्या वहिनींचा मुलगा होता. शेठनं त्याच्याकडे रोखून बघितलं, तसा तो फडकं घेऊन मागे गेला.

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात ते खोटं नाही. महिना संपायच्या आत शेठनं मागच्या बाजूची बंद पडलेली लाकडाची वखार भाड्यानं घेतली. मग निरोप आला, गाड्या हलवतोय, तुम्ही बस काढा. काकूंनी उलट निरोप धाडला: आधी गाड्या, मग बस. भावाला बोलावून टायरांत हवा मात्र भरून ठेवली. दिवसभर त्या ड्रायव्हरच्या सीटवर बसून बघत राहिल्या. एकेक गाडी खोकत, धूर सोडत निघाली, काही ढकलत न्याव्या लागल्या. शेवटी एक राहिली. ती माझी स्वतःची, घरी जायची, असं शेठ म्हणाला. मग राहू द्या की, काकू म्हणाल्या, तुम्हीही माणूसच आहात. आणि त्यांनी बस सुरू केली.

वहिनींच्या मुलाची नोकरी टिकली. वहिनी मात्र अजून पूर्वीसारख्या बोलत नाहीत, कामापुरतं बोलतात. काकूंनी ते सोसलं. मास्तर पुन्हा दवाखान्यात जायला लागले, कुरकुरत, पण जायला लागले.

आणि एका दुपारी मागच्या गल्लीतल्या काही बायका दारात आल्या. वखारीत सगळ्या गाड्या मावेनात म्हणून शेठनं आता त्यांच्या फुटपाथकडेला ओळ लावायला सुरुवात केली होती. त्यातली सर्वांत तरुण बाई पुढे होऊन म्हणाली, काकू, ती बस आम्हाला मिळेल का.

काकूंनी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. बस सहलीला गेलीय, आली की विचारते, असं सांगितलं.

"पण बसचं सोपं आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्यातलं रोज बसणार कोण, ते आधी सांगा. शेजारी तोंड फिरवतील, ते सोसणार कोण?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग मागे उभ्या असलेल्या एका म्हातारीनं, काठी भिंतीला लावून, हात वर केला. तिच्याकडे बघून ती तरुण बाई म्हणाली, मी पण.

काकूंनी खुंटीवरची पर्स घेतली, मास्तरांना हाक मारून सांगितलं, मी जरा मागची गल्ली बघून येते, आणि त्या बायकांच्या पुढे होऊन पायऱ्या उतरल्या.